केसांशी भांडणाऱ्या मालनमावशी

मालनमावशी आपल्या केसांशी भांडायच्या. त्यांची आणि आमची भिंत एकच. त्या शेजारी राहायला आल्या तेव्हा रोज सकाळी आवाज यायचा, "खाली बस म्हणलं न्हवं? किती येळा सांगू तुला?" मला वाटायचं, नातवंडं असतील. प्रत्यक्षात घरात त्या एकट्याच होत्या, आणि समोर आरसा.

नवरा एसटीत ड्रायव्हर. तो गेल्यावर मलकापूरचं घर बंद करून त्या कोल्हापुरात आल्या आणि केस रंगवायला लागल्या. आधी मेंदी, मग बाजारातला तांबडा, त्यावर सोनेरी, तो पटला नाही म्हणून पुन्हा काळा. शेवटी डोक्याचा पार काथ्या झाला.

एकदा दूधवाल्यानं त्यांना दारात ओळखलंच नाही. म्हणाला, "पावणं, मावशी हायत का घरात?"

"गारगोटीला गेल्यात," म्हणत मावशींनी पातेलं पुढं केलं.

हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "त्यानं इचारलं, कुणाकडं? तर मला एक नाव सुचंना बघ."

माझं पुढच्या खोलीत पार्लर आहे. मी म्हटलं, "बुधवारी दुपारी या. गिऱ्हाईक नसतं."

रंग बंद केला. जळलेली टोकं कापली. कोमट पाण्यानं धुवायचं, क्रीम चोळायचं, टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. मावशी बेसिनला डोकं टेकवून केसांची गाऱ्हाणी सांगायच्या. "लई आडमुठं हायत. म्हशीगत. ह्यांच्यावर गेलेत." मी चोळायला लागले की वाक्य अर्ध्यावर सुटायचं आणि डोळे मिटायचे.

दिवाळीच्या सुमारास केस मऊ झाले. पांढरे, पण छान चापून बसणारे. मी म्हटलं, "मावशी, जिंकलात. आता दर आठवड्याला यायची गरज नाही."

"व्हय? बरं झालं की," म्हणून त्या गेल्या.

पुढच्या बुधवारी त्या दारात उभ्या. पुढची बट लालभडक.

"हे काय केलंत?"

"मी काय केलो? बाटली सांडली."

मी खुर्ची सरकवली. त्या बसल्यावर म्हटलं, "मावशी, केस खराब न करताही येत जा की."

"नुसतं कशाला येऊ? मला काय कामं न्हाईत?" त्या आरशात बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मागनं डोकं धुवायला हात पोचत न्हाय गं माझा."

दाखवायला म्हणून त्यांनी हात उचलला. तो सहज वर गेला, डोक्यामागून पार मानेपर्यंत. आरशात आम्हा दोघींनाही दिसला. त्यांनी तो तसाच ठेवला, खाली कसा आणावा ते कळत नसल्यासारखा.

"खरंच की," मी म्हटलं, "नाही पोचत."

आणि नळ सोडला.