राणीसाहेबांच्या आगबोटीच्या स्वारीचा बेहडा

श्रीगजाननास नमन, श्रीशारदेस नमन, आणि ज्याचे कमरेस खजिन्याच्या किल्ल्या त्यास दोन वेळा नमन. शके सत्राशे अठ्ठेचाळीस, व्यय नाम संवत्सर, आश्विनापासोन मार्गशीर्षापर्यंत आमचे राज्यात जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे. लिहिणार दरबारचे पदरचा कारकून. नाव सांगत नाही, कारण फडणीस अजून हयात आहेत आणि आमचे वेतन त्यांचेच हातून निघते.

राज्य घाटमाथ्यावर, चोहो अंगांस डोंगर, आणि पाणी म्हणावे तर एक नदी, तीही चैत्रात गुडघाभर. राजे श्रीमंत हैबतराव महाराज, स्वभावे मऊ, प्रजेस प्रिय, आणि कोणासही नाही म्हणवत नाही हे त्यांचे राज्याचे मोठे दुखणे. राणीसाहेब सगुणाबाई, माहेर कोकणात ऐन किनाऱ्यावर, वडील आरमारावर सुभेदार होते. बाईसाहेबांनी बाळपणी रोज गलबते पाहिली, परंतु मुलींनी गलबतावर पाय ठेवू नये ऐसा तिकडील दंडक, आणि मग नववे वर्षी लग्न जाहले, आणि घाट चढोन वर आल्या त्या चौतीस वर्षे उतरल्या नाहीत. त्यांचे मनात एकच होते. महाराजांस वारंवार म्हणत, "किनाऱ्यावरून पाणी पुष्कळ पाहिले. एकदा पाण्यावरून किनारा पाहावयाचा आहे, आणि त्यात माझे गाव." महाराज म्हणत, "पुढील साली नक्की." ऐसी बावीस पुढील साले गेली, आणि बाईसाहेबांनी मग बोलणे सोडिले आणि पैसा साठवू लागल्या. चोळीबांगडीस म्हणोन जे गाव राजघराण्यातील बायकांस लावून दिलेले असते त्याचे उत्पन्न बारा वर्षे पेटीत टाकिले, चोळी जुनीच घातली, आणि पाच हजार रुपये जमा केले. हे ध्यानात ठेवावे की रुपया राणीसाहेबांचा होता. दरबारात पुढे कोणाच्याच ध्यानात राहिला नाही.

त्या साली बंदरावरील अडत्या शाबाजी कामत दरबारास आला आणि वर्तमान सांगितले की, आगबोट नामे एक तरंगता वाडा निघाला आहे, सात दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने हवा खावयास नेतो, आणि तिसरे दिवशी पहाटे बाईसाहेबांचे माहेरगावासमोरून जातो. बाईसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "जवळून जातो की लांबून?" कामत म्हणाला, "सज्ज्यात बसलात तर देवळाची दीपमाळ मोजता येईल, बाईसाहेब." पडद्याआड बांगड्या वाजल्या. महाराजांनी तात्काळ फडणीस विसाजीपंतांस आज्ञा केली की स्वारीचा बेहडा बांधावा. बेहडा म्हणजे खर्च होण्याआधी खर्चाचा केलेला अंदाज, आणि विसाजीपंतांचा बेहडा म्हणजे, आमचे मते, खर्चास धाडलेले आमंत्रण.

मग मसलत बसली. कामताने भाव सांगितले. समुद्राकडे सज्जा असलेली खोली उभयतांस तीन हजार, खिडकीची दोन हजार, आणि आगबोटीचे पोटातील खोली, जीस खिडकी नाही, हवा नाही, आणि शेजारी इंजीन, ती बाराशे. विसाजीपंतांनी नाकावरला चष्मा सावरून सज्जा लिहिला. मग कामत म्हणाला, "आणि खलाशी व वाढपी यांस बक्षिसी तीनशे, आधीच भरावी लागते." विसाजीपंतांची लेखणी थांबली. "आधीच? काम पाहिले नाही, खूष झालो नाही, आणि बक्षिसी?" कामत म्हणाला, "ठरलेलीच आहे, पंत." विसाजीपंत म्हणाले, "खुषीने देतात ती बक्षिसी, कामत. आधी आकारणी करोन घेतात ती चौथाई. स्पष्ट बोलावे." कामताने हात जोडिले, परंतु आकडा कमी केला नाही. भोजन मात्र भाड्यातच, दिवसातून सहा वेळा, हे ऐकोन दरबारातील जाड मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. तरी हिशेब उत्तम बसला, सातशे रुपये वरकड खर्चास, हजार शिल्लक. ते रात्री बाईसाहेबांनी आम्हां कारकुनांस देखील पेढे पाठविले. आम्ही खाल्ले. गोड होते.

इतक्यात आत्यासाहेबांस कळले. आत्यासाहेब उमाबाई या महाराजांच्या सख्ख्या आत्या, वाड्यात त्यांचा शब्द म्हणजे शिक्का, आणि महाराज लढाईस घाबरले नाहीत इतके त्यांचे खोकल्यास घाबरत. त्या दरबारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हैबती, मुकाट्याने जाणार काय रे? चोरासारखा? निरोपाची पंगत नको? लोक काय म्हणतील, की राजा पळून गेला?" महाराज म्हणाले, "आत्यासाहेब, सात दिवसांचेच तर काम." "सात दिवसांत माणूस बदलतो," आत्यासाहेब म्हणाल्या, "आणि त्या बोटीवर कोण आचारी, कोण पाणक्या, देव जाणे. सोबत फराळ बांधा." मग पंगत जाहली, आणि एकास बोलावले म्हणोन दुसऱ्यास, आणि दुसऱ्याचे व्याही रुसतील म्हणोन त्यांस, ऐसे करिता दोन दिवस पंगती उठल्या. फराळाचे अकरा हारे, मोठाल्या टोपल्याच त्या, भरले. मिळून नऊशे रुपये. त्यावर आत्यासाहेब म्हणाल्या, "येताना सर्वांस काही आणावे लागेल ते निराळे." विसाजीपंतांनी यादी केली, दोनशे चौदा नावे निघाली, आणि बंदरावर सर्व महाग म्हणोन पंतांनी शहाणपण केले की परतीच्या भेटी आधीच आपले बाजारात घ्याव्या, आणि आल्यावर बंदराहून आणिल्या म्हणोन वाटाव्या. अकराशे रुपये गेले. आत्यासाहेबांनी आपली शाल पसंत करोन त्याच दिवशी पांघरली. यादीत कारकुनांचे नाव नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही, सहज आठवले म्हणोन लिहिले.

दोन हजार गेले आणि तीन हजार राहिले, आणि बक्षिसी व घाटखर्च धरोन सज्जा बसेना. विसाजीपंतांनी सज्ज्यावर रेघ मारिली आणि खिडकी लिहिली. बाईसाहेबांस कळविले. त्या म्हणाल्या, "बरे. खिडकीतूनही दिसते." पेढे मात्र त्या दिवशी आले नाहीत.

पुढे मुहूर्ताची गोष्ट उपस्थित जाहली. निघावयाचे मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, आणि राजजोशांनी सांगितले की पंचमी वाईट, त्याआधी चांगला दिवस कार्तिक वद्य नवमीचाच. सामान्य घरी ऐसे जाहले तर मुहूर्तावर एक गाठोडे शेजाऱ्याकडे नेऊन ठेवितात, त्यास प्रस्थान म्हणतात, आणि निघावयाचे दिवशी ते उचलोन चालू लागतात. परंतु आमचे राज्याची रीत ऐसी की राजाचे प्रस्थान म्हणजे राजाच. मुहूर्तावर महाराजांनी वेशीबाहेर पडावे, डेरेदाखल व्हावे, आणि प्रवास पुरा जाहल्याविना उंबरठा ओलांडू नये. आणि महाराज डेऱ्यात म्हटल्यावर हत्ती आला, नौबत आली, पागा आली, आचारी आले, आणि डेऱ्यांचे रक्षणास शिपाई आले, आणि शिपायांस शिधा आला. डेरे दिले ते वाड्यापासून इतके जवळ की आत्यासाहेबांनी गच्चीतून "हैबती, उन्हात बसू नको" म्हटलेले ऐकू येई. रोजचा खर्च दोनशे चाळीस रुपये, आणि ऐसे अकरा दिवस. बोटीसाठीचा फराळ तिसरेच दिवशी शिपायांनी खाल्ला. आम्ही पंतांस विचारिले की हा खर्च बेहड्यात कोठे धरिला? पंत म्हणाले, "घरखर्चात बसत नाही, कारण महाराज घरी नाहीत. प्रवासखर्चात बसत नाही, कारण महाराज निघाले नाहीत. सदरच नाही, तर लिहू कोठे?" आणि न लिहिलेला खर्च पंतांचे दृष्टीने झालेलाच नव्हता. ऐसे विद्वान माणूस.

अकरावे दिवशी कामत भाड्यास आला आणि पंतांनी पेटी उघडिली. तीनशे साठ रुपये निघाले. पंतांनी पेटी उपडी केली, आत हात फिरविला, मग आमच्याकडे पाहिले, जणू आम्ही खाल्ले. कामताचे तोंड उतरले. महाराज डेऱ्याचे दोरीकडे पाहात बसले. तेव्हां आत्यासाहेबांनीच तोड काढिली. "त्यात काय येवढे? पंगत जाहली, भेटी खरीदल्या, अकरा दिवस घराबाहेर राहिलात. स्वारी सुखरूप होऊन आली ऐसे जाहीर करावे. पाणी तेवढे राहिले, ते काय, पाणीच." पंतांस हे फार पटले आणि त्यांणी जाहीरनामा लिहावयास घेतला की, समुद्र शांत होता.

पडदा सरला आणि राणीसाहेब स्वतः बाहेर आल्या. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते. आवाज मोठा नव्हता, परंतु नौबतवाला वाजवावयाचा थांबला. "पंत, बारा वर्षे मी जुन्या चोळ्या ठिगळे लावून घातल्या. ते हत्तीने खाल्ले? माझा समुद्र तुमच्या हत्तीने खाल्ला?" मग कामतास म्हणाल्या, "सर्वांत स्वस्त जागा कोणती?" कामत चाचरत म्हणाला, "तूतक आहे, बाईसाहेब, बोटीचे माथ्यावरले उघडे अंगण. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. माणशी वीस रुपये. आपणांस शोभायची नाही ती." बाईसाहेब म्हणाल्या, "भिंत नाही? मग चारी बाजूंनी दिसत असेल." "दिसते तर." "तीच द्या."

महाराज उठले आणि म्हणाले, "आम्हीही येतो." आत्यासाहेब खोकल्या. "राजा कोळणींमध्ये बसणार?" महाराज आत्यासाहेबांकडे पाहू लागले. राणीसाहेबांनी ते पाहिले आणि त्यांस पुढे काही विचारिले नाही. जाताना इतकेच बोलिल्या की, "राजे रीतीप्रमाणे डेऱ्यातच राहोत. मात्र आजपासोन डेऱ्याचा रोजचा खर्च आत्यासाहेबांचे चोळीबांगडीचे गावावर टाकावा." दुसरे दिवशी दुपारीच राजजोशांस ऐसे एक वचन सापडले की राणी निघाली म्हणजे राजाचा प्रवास पुरा जाहला, आणि महाराज वाड्यात आले.

स्वारीत राणीसाहेब, दासी येसू, आणि दरबारी खर्चावर कारकून पाहिजे म्हणोन आम्ही, ऐसी तीन माणसे. तीन दिवस घाट उतरलो, बंदरी चढलो. तूतकेवर माणसे, कोंबड्या, नारळ, आणि एक भले मोठे कोहळे. एका जाड्या कोळणीने बाईसाहेबांस सरकून जागा दिली आणि विचारिले, "खंयची गे तू?" आम्ही घाबरलो, आता बाईसाहेब रागावतील. तो बाईसाहेबांनी तिच्याच बोलीत, चौतीस वर्षांत जी आम्ही त्यांचे तोंडी ऐकिली नव्हती त्या बोलीत, गावाचे नाव सांगितले. कोळीण म्हणाली, "गो बाय! मग फाटेक उठ, निजान रव नको," म्हणजे पहाटेस ऊठ, निजून राहू नको. आणि सुके बांगडे दिले.

तिसरे दिवशी उजाडता गाव आले. बाईसाहेब कठड्यास धरोन उभ्या राहिल्या. माड दिसले, मग दीपमाळ, मग सुभेदारांचे घराचे कौल, आणि खाली वाळूत चार बायका मासळी सुकवीत होत्या, त्यांणी बोटीकडे हात हालविले. बाईसाहेबांनी दोन्ही हात वर करोन हालविले, पदर डोईवरून पडला तरी सावरला नाही. "येवढेसे होते होय हे!" म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता रडल्या. "मला वाटे केवढे मोठे गाव. अगो येसू, मुठीत मावते बघ. येवढ्यासाठी मी चौतीस वर्षे रडले!" येसूही रडू लागली, आणि कारण नसता आम्हीही. गाव मागे पडले तरी त्या तिकडेच पाहात राहिल्या. आम्ही त्या दिवशीचे पान उघडिले आणि लिहिले की, आज खर्च काही पडला नाही.

परत आलो तेव्हां महाराज वेशीपर्यंत पायी सामोरे आले, आत्यासाहेबांस न सांगता. रंग काळवंडलेल्या राणीसाहेबांकडे बराच वेळ पाहोन म्हणाले, "कैसा दिसतो हो किनारा, पाण्यावरून?" बाईसाहेब म्हणाल्या, "सांगून दिसत नाही, राजे." आणि पुढे चालू लागल्या.

एकंदर येणेंप्रमाणे. पाच हजारांपैकी जमिनीवर, वेशीचे आसपास, चार हजार सहाशे चाळीस. घाट उतरोन चढावयास एकशे चाळीस. समुद्रावर साठ. बाकी एकशे साठ बाईसाहेबांचे पेटीत, आणि ती पेटी कोणी मागितली नाही. त्याच रात्री महाराजांनी आम्हांस एकांती बोलावून तूतकेचे भाडे माणशी किती ते पुन्हा विचारिले. वीस रुपये म्हणोन सांगितले. फडणिसांस याचा बेहडा बांधू देऊ नये ऐसी आज्ञा जाहली, ती पाळिली आहे.