खालची पट्टी

लोणकर सर प्रोग्रॅम स्क्रीनवर वाचत नसत. ते छापून आणायला लावत, चपला बाहेर काढत आणि लांबलचक कागद फरशीवर पसरून त्यावर रांगत. रांगता रांगता माझा उद्धार करत. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तीन वर्षं मी हा माणूस सोसला.

"ही वळ कुनाच्या परवानगीनं?" हा एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारायचा त्यांचा आवडता प्रश्न. एकदा एका सेमिकोलनवरून अर्धा तास तोंडाचा पट्टा चालू होता. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

तेव्हा आम्ही एका दूध संस्थेच्या सभासदांची फोटोची ओळखपत्रं करत होतो. दाबून लहान केलेला फोटो जुना प्रोग्रॅम फ्लॉपीवर एकेक बाइट करून लिहायचा. फोटोला मिनिट लागायचं आणि रांगेतली माणसं आमच्यावर खेकसायची. मी बदल केला. बाइट मेमरीत साठवायचे, साठा भरला की एकदम लिहायचे. काम पाच सेकंदांवर आलं! आता फक्त सरांची सही हवी होती.

सर शेवटच्या पानावर थांबले. "किटली भरली की वततोस. आन् शेवटची अर्धी किटली?"

साठा भरायच्या आत फोटो संपला की उरलेले बाइट लिहायचे राहून जात. फोटोच्या तळाशी बोटभर राखाडी पट्टी यायची. मला ते दिसलं होतं. मी कानाडोळा केला होता.

"चेहरा तर येतोय ना, सर!" मीही चिडलो. "खाली काय असतं? शर्टाची गुंडी!"

त्यांनी कागद टराटरा फाडला. "मुस्काट फोडीन! कुनाचं काय ऱ्हायलं तर चालतंय, ते तू ठरवनार? तू कोन?"

बस्स झालं. दोन ओळींचा राजीनामा खरडून मी त्यांच्या टेबलावर आपटला.

त्यांनी तो पाहिलाही नाही. खणातून एक जुनी फ्रेम काढून माझ्यापुढं धरली. घरातली मोठी माणसं खुर्च्यांवर बसलेली. खालच्या कडेला, गुडघ्यांपुढं, फक्त काळे केस, सरळ भांग आणि रिबिनीचं फूल.

"फ्रेमीत बसंना म्हनून दुकानदारानं खालनं कापला. त्वांडं तर आल्यात म्हनला." आवाज अजून रागातच होता. "म्होरं जमिनीवर माझी धाकटी भन बसलीवती. त्याच साली गेली. दुसरा फोटोच न्हाय."

मला स्वतःचीच शरम वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दिसायला कशी होती?"

सरांनी फ्रेमच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आठवंना आता," म्हणाले.