खोकेगडाचा वेढा आणि कापशाजींचे दिल्लीप्रयाण

दिग्रस येथील शाळेच्या चौथ्या इयत्तेतील राजमान्य बालमंडळी यांनी हुकूम फर्माविला की, आपल्या वर्गातील प्रभावती हिचा कुत्रा कापशाजी विमानात बसून दिल्लीस गेला, ती हकिकत साद्यंत लिहून द्यावी, पदरचे घालू नये आणि कोणाची भीड धरू नये. त्यास आज्ञा शिरसा मान्य करून, शके अठराशे त्र्याऐंशी, मार्गशीर्ष मासी जैसे वर्तले तैसे लिहिले आहे.

कापशाजींचे मूळ ऐसे की, तीन वर्षांमागे कापसाच्या जिनिंगच्या आवारात रुईच्या ढिगात हे पिल्लू निजले होते, आणि रुई कोणती व कुत्रा कोणता हे तो शिंकला तेव्हाच कळले, म्हणून कापश्या हे नाव पडले. प्रभावतीची आजी मातुश्री मथुराबाई यांनी ओसरीच्या कोपऱ्यात एक जुने पोते अंथरून दिले, तेच कापशाजींचे तख्त. पुढे प्रभावतीचे वडील राजश्री भगवानराव, जे दिल्लीस सरकारी दप्तरात चाकरीस होते, त्यांस तेथे बिऱ्हाड मिळाले, आणि मग ते रजा घेऊन कन्येस न्यावयास आले, आणि हौसेने नागपुराहून विमानाची तिकिटे काढून आले. सारा मोहल्ला थक्क जाहला. परंतु कन्येने दारातच फर्मान काढिले, "कापश्या नाही येत त मी बी नाही येत. जा तुम्ही एकटे!"

भगवानरावांस हे आधीच ठाऊक असल्याकारणे त्यांनी विमानवाल्यांचा खलिता सोबत आणिला होता. त्यातील कलमे अशी की, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला असावा, हवेशीर लाकडी खोके असावे, आणि जनावर त्यात आपखुशीने बसावे. बळे कोंबलेले आणि ओरडणारे जनावर धावपट्टीवरूनच माघारी धाडू. विमान बुधवारचे, मधे सात दिवस. डॉक्टरांनी कापशाजींची नाडी पाहिली, कापशाजींनी डॉक्टरांची बोटे चाटिली, आणि दाखला मिळाला. मारोती मिस्त्रींनी सागवानी फळ्या मारून खोके उभे केले, ते ऐसे बळकट की मोहल्ल्याने त्यास खोकेगड हे नाव दिले.

आणि मग वेढा पडला. मुलांनो, वेढ्याची रीत ध्यानी असावी: आतल्यास बाहेर काढावयाचे, म्हणून बाहेरची फौज झुंजते. येथे सारेच उफराटे. गड मोकळा, दार सताड उघडे, आणि बाहेरच्यास आत घालावयासाठी फौजेची शिकस्त चालली.

पहिले दिवशी दुधात कुस्करलेली भाकर गडाच्या तळाशी ठेविली. कापशाजींनी मागील दोन पाय स्वमुलखात रोवून, मान लांबवून सर्व रसद फस्त केली आणि माघार घेतली. दुसरे दिवशी भगवानरावांनी मागून रेटा दिला, तेव्हा कापशाजींनी चारी पाय चौकटीस लावून ऐसा मोर्चा धरिला की भगवानरावच धोतरात अडकून पडले. तिसरे दिवशी मारोती मिस्त्री इरेस पेटून, आत भय नाही हे दाखवावयास स्वतः रांगत शिरले, आणि कमरेपर्यंत जाऊन अडकले. भगवानरावांनी पुसिले, "काय हाल आहे आतमध्ये, मारोतीभाऊ?" आतून जबाब आला, "हवा मस्त येते! पण मले काहाडा न!" कापशाजींनी बाहेर राहिलेल्या पायांचा वास घेतला आणि निश्चय अधिकच दृढ केला.

ऐसे करिता रविवार उजाडला. भगवानरावांनी तह मांडिला की, कुत्रा येथेच राहील, पुढे पाहू. तेव्हा प्रभावतीने जेवण सोडिले, आणि आपल्या पेटीतून फ्रॉक काढून परत खुंटीस टांगिले.

सोमवारी मथुराबाईंस स्मरले की, दिल्ली उत्तरेस, आणि बुधवारी उत्तरेस दिशाशूळ, म्हणजे त्या वारी तिकडे जाणे अशुभ. त्यास प्रस्थान ठेविले पाहिजे. प्रस्थान म्हणजे काय? प्रवासाचा दिवस बरा नसेल तर बऱ्या दिवशी आपली एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवावी, म्हणजे आपण तेव्हाच निघालो ऐसे धरितात. मग भगवानरावांचा रुमाल आणि प्रभावतीचे फ्रॉक सुपारीसह उत्तरेकडील शेजारीण तानाबाई यांचे ओट्यावर गेले. इतक्यात आजी म्हणाल्या, "अन् कापश्याचं पस्तान? त्याले काय शूळ लागत नाही?" भगवानराव कपाळास हात लावून बोलले, "आई, तो येऊनच नाही राह्यला." आजी म्हणाल्या, "ते तू नको सांगू. तू इतके दिवस त्याच्या मागं लागून पाह्यलं न? आता गप बस." आणि त्यांनी कापशाजींचे पोते खोक्यात घालून, खोकेही तानाबाईंकडे रवाना केले.

दोन प्रहरी कापशाजी नाहीसे जाहले. प्रभावती रडत बसस्थानकापर्यंत गेली, मिस्त्री जिनिंगमध्ये रुईचे ढीग चाळून आले, भगवानराव बाजारात शीळ घालीत फिरले, परंतु पत्ता नाही. चौथे प्रहरी तानाबाई दाण्याचे सूप घेऊन ओट्यावर आल्या, त्यांस खोक्यातून घोरणे ऐकू आले. वाकून पाहतात तो कापशाजी गडात, आपल्या पोत्यावर, चारी पाय पोटाशी घेऊन स्वस्थ निजले आहेत! प्रभावतीने हलकेच दार लाविले, तरी त्यांनी एक डोळा उघडून पुन्हा मिटिला. त्या सांजेस तिने दोन भाकरी खाल्ल्या.

बुधवारी पहाटे कूच जाहले. निघता निघता मथुराबाईंनी विळीवर पोत्याचे दोन तुकडे केले, एक गडात घातला, आणि एक ओसरीवर पूर्वीच्याच जागी अंथरिला. तानाबाई म्हणाल्या, "बाई, आता हे कोणासाठी?" आजी म्हणाल्या, "हे त्यायच्या परतीचं पस्तान." तानाबाई हसून म्हणाल्या, "अवं, पस्तान निघणाऱ्याचं ठेवतात!" त्यास आजींचा जबाब, "मग? उन्हाळ्याच्या सुट्टीत दिल्लीहून निघायचंच आहे न त्यायले!" आणि पदराने डोळे पुसून चूल पेटवावयास गेल्या.

पुढे दिल्लीहून भगवानरावांचे पत्र आले की, कापश्या विमानात एकदाही ओरडला नाही, आपण सात दिवस मेहनत घेतली तिचे हे फळ. ते पत्रही दप्तरी ठेविले आहे. परंतु खरे ते लिहावे, म्हणून लिहिले की, खोकेगड सोमवारी चौथे प्रहरी फत्ते जाहला, तो फौजेने नव्हे, एका जुन्या पोत्याने. पैकी अर्धे दिल्लीस आहे, आणि अर्धे दिग्रसास मथुराबाईंच्या ओसरीवर, त्यावर त्या कोंबडीसही बसू देत नाहीत.