हार्दिक शुभेच्छा (तपासून भरलेल्या)

जगात आजवर दिल्या गेलेल्या शुभेच्छांपैकी निम्म्या जरी खऱ्या असत्या, तरी एव्हाना सगळी माणसं निरोगी, दीर्घायुषी आणि बढती मिळालेली दिसायला हवी होती. तशी ती दिसत नाहीत. याचा अर्थ मालात कुठेतरी तूट आहे. या तुटीकडे अधिकृतपणे लक्ष दिलं ते वजनमापं खात्यातून निवृत्त झालेल्या एका निरीक्षकांनी, आणि तेही नाइलाजाने.

नाइलाज असा, की त्यांच्या पत्नीने घरच्या घरी शुभेच्छापत्रांचा धंदा काढला. बाईंचा चित्रकलेत हात होता. जेवणाच्या टेबलावर कात्र्या, गोंद आणि रंगाच्या बाटल्या आल्या आणि घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवू लागली. निरीक्षक तसे रिकामेच होते. निवृत्तीनंतर ते घरातले डबे उचलून हातानेच वजन करत हिंडायचे, आणि त्यांच्यामुळे दूधवाल्याने त्या गल्लीत येणंच सोडलं होतं (तो आता लांबच्या रस्त्याने जातो म्हणे).

"तुम्ही फक्त बाहेरच्या खोलीत बसा," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं की कार्ड द्यायचं आणि गोड बोलायचं."

"गोड म्हणजे किती?" निरीक्षकांनी विचारलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक रोखपाल. त्याला साहेबांच्या वाढदिवसासाठी 'हार्दिक शुभेच्छा' हव्या होत्या. निरीक्षकांनी कार्ड उलटं करून हातात धरलं. पाकिटावर जे छापलंय ते आत भरलेलं असलंच पाहिजे, या एका नियमावर त्यांनी सारी नोकरी काढली होती.

"हार्दिक आहेत का?"

"म्हणजे?"

"उद्या साहेब आजारी पडले, तर पहिल्यांदा मनात काय येईल?"

रोखपाल सरळमार्गी होता. "सुट्टी मिळेल, असं येईल."

"मग हार्दिक देता येणार नाही."

"अहो, द्या ना!" आतून बाई ओरडल्या.

"अगं, माल कमी भरतोय!"

रोखपाल हात हलवत परत गेला. बाई गोंदाची बाटली घेऊन बाहेर आल्या. "पाटी लागायच्या आधीच वाट लावलीत. आयुष्यात एक गोष्ट माझी म्हणून चालवायला निघाले होते मी. ती बुडाली तर तुमच्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते."

निरीक्षक घाबरले. पण नियम मोडणं त्यांच्या हाडात नव्हतं. शेवटी त्यांनी मालाची प्रतवारी केली. 'हार्दिक' म्हणजे ज्याला पाठवायचं त्याच्या बढतीने पाठवणाऱ्याच्या पोटात दुखत नाही अशा. 'साधारण' म्हणजे आठवण झाली म्हणून. 'सक्तीच्या' म्हणजे न पाठवल्यास घरी बोलणी बसतील म्हणून. आणि सगळ्यात खाली 'पोच'. तिच्यात एवढंच छापलेलं: 'आपला वाढदिवस असल्याचं समजलं.' ही साडूंमध्ये तुफान खपली.

प्रत्येक कार्डाच्या पाठीवर निळा गोल शिक्का: 'शुभेच्छा तपासून भरल्या आहेत.'

धंदा बुडेल अशी सर्वांची खात्री होती. झालं भलतंच. लोक कार्ड आल्याबरोबर आधी उलटं करून पाहू लागले. बिनशिक्क्याचं कार्ड म्हणजे अपमान. दारात रांग लागली. खुद्द निरीक्षकांच्या आकडेवारीनुसार शंभरात त्र्याण्णव जण पोच नाहीतर सक्तीच्यावर अडकत, सहा जण साधारणपर्यंत चढत, आणि एकाला हार्दिक मिळे. (तो एक जण आपल्या कुत्र्यासाठी घ्यायचा.)

मग लोक तयारी करून येऊ लागले. एका शिंप्याने आपल्या मेहुणीबद्दल महिनाभर नेटाने चांगलं चिंतलं, तपासणीत उत्तीर्ण झाला, आणि मग त्याला ते थांबवताच येईना. आता तो दर रविवारी तिची भाजी आणून देतो. मेहुणी त्रासली आहे. रोखपालही परत आला. त्याने मधल्या काळात साहेबांना दवाखान्यात भेटून, त्यांची उशी नीट करून, 'साधारण' पटकावलं आणि रस्त्याने कार्ड उंच धरून नाचत गेला.

बाई खूश होत्या. म्हणूनच एका सकाळी त्या सहज म्हणाल्या, "परवा माझा वाढदिवस. या वर्षी मलाही कार्ड पाहिजे. शिक्का मारलेलं."

निरीक्षकांनी कप खाली ठेवला. "स्वतःचा माल स्वतः तपासता येत नाही. नियम आहे."

"मग मी तपासते. उठा तिथून." बाई त्यांच्या खुर्चीत बसल्या. "पोच निघाली तर दुकान बंद, आणि मी निघाले बहिणीकडे."

निरीक्षकांनी गठ्ठ्यातून एक 'हार्दिक' काढलं आणि उलटं करून समोर ठेवलं. सवयच होती.

"एकच प्रश्न," बाई म्हणाल्या. "पुढच्या बाजूला मी काय काढते?"

वर्षभरात निरीक्षकांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक कार्ड त्यांनी पाठीकडून पाहिलं होतं.

"फूल," ते म्हणाले.

"कसलं?"

"बहुधा... लाल."

बाईंनी कार्ड सुलटं केलं. त्यावर एक करकोचा होता. उंच, वाकलेला, नाकावर चष्मा, चोचीत छोटासा तराजू, आणि चेहऱ्यावर जगातली सगळी तूट मावेल एवढी काळजी.

"सगळ्या कार्डांवर तुम्हीच आहात," बाई म्हणाल्या. "अख्खी गल्ली हसतेय वर्षभर. तुम्हाला वाटलं, लोक शिक्क्यासाठी येतात?"

निरीक्षकांनी चष्मा सारखा करून कार्ड डोळ्यांजवळ नेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मान जरा लांब झालीय," ते हळूच म्हणाले.

"मापात आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि हसू दाबत पाठीवर शिक्का मारला. शिक्क्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'मान्य. तूट धरून.'

त्यानंतर त्या खुर्चीतून उठल्याच नाहीत. निरीक्षक आता आत बसून करकोच्याला रंग भरतात (चष्म्याबाहेर रंग जातो, पण आनंदात असतात). आणि बाईंनी धंदा वाढवला आहे. पाठवायची कार्डं तपासण्यात अर्थ नाही, आलेली तपासली पाहिजेत, असं त्यांचं मत पडलं. त्या निरीक्षकांपेक्षा कडक आहेत. शेजारच्या रस्त्यावरूनही लोक कपाटातली जुनी कार्डं घेऊन येतात.

सध्या बाहेरच्या खोलीत एकच गिऱ्हाईक बसलं आहे. तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे. त्याच्या हातात तुम्ही गेल्या वाढदिवसाला पाठवलेलं कार्ड आहे, आणि बाईंनी नुकतंच त्याला विचारलं आहे, "हे पाठवणाऱ्याने त्यानंतर स्वतःहून, काही काम नसताना, तुम्हाला कधी फोन केला होता?"

गिऱ्हाईक अजून आठवून पाहतं आहे.