‘गेट थ्रू’ आणि तळ गेलेली खुर्ची

इंग्रजीतल्या त्या एवढ्याशा ‘गेट’ने आमच्या कारकुनाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे, पण दोघांचं हाडवैर. मागचं शेपूट बदललं की अर्थ बदलतो. ‘गेट अप’ म्हणजे उठणं, ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणं, ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं. आणि हेडक्लार्कच्या जागेसाठी साहेब तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारणार होते. जागा एक, उमेदवार दोन. दुसरा उमेदवार त्याचा सख्खा मेव्हणा.

“माझ्या भावाला विचारा ना. शिकवेल तो,” बायको म्हणाली.

“त्याच्याकडून शिकू? त्याला सर म्हणायची वेळ आली तर नोकरी सोडेन,” म्हणत कारकुनाने छाती फुगवली. (मुळात पाप्याचं पितर. फुगवायला दुसरं होतं काय?)

त्याने स्वतःची पद्धत काढली. प्रत्येक अर्थ करून बघायचा. परीक्षेच्या सकाळी ‘गेट थ्रू’ची पाळी आली. आरपार जायचं, म्हणून त्याने मुलीची लहानपणची वेताची खुर्ची घेतली. तिचा तळ कधीच फाटून नुसती चौकट उरली होती. खालून डोकं घातलं, हात बाहेर काढले आणि चौकट छातीवर घट्ट बसली. वर जाईना, खाली येईना.

“श्वास सोडा जरा,” बायको ओढून ओढून दमली. “छाती फुगवून कशी निघेल?”

“फुगवलेली नाही. अशीच आहे.”

“भावाला बोलावते. करवत आणेल.”

“खबरदार. माझी मी काढेन.”

आणि निघाला की हा ऑफिसला, खुर्चीसकट. रस्त्यात कुणी थबकलं की विचारायचा, “काय बघताय? खुर्ची पाहिली नाही कधी?”

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. “गेट आऊट,” ते म्हणाले.

पहिलाच प्रश्न सोपा आल्याने कारकून खूष झाला. “पहिला अर्थ बाहेर पडणं, सर. दुसरा निसटणं. तिसरा, गुपित फुटणं. उदाहरण देऊ?”

शिपायाने त्याला खुर्चीला धरूनच बाहेर नेलं.

संध्याकाळी मेव्हणा जवळ आला. “भाऊजी, मी हेडक्लार्क झालो. आता तरी करवत आणू?”

कारकुनाला बरंच काही सुनावायचं होतं. पण तोंडातून नुसता एक लांबलचक उसासा निघाला, छाती आत गेली आणि खुर्ची सरसर घसरत पायाशी येऊन पडली.

“पाहिलंस? म्हटलं होतं ना, माझी मी काढेन,” तो ताठ मानेने म्हणाला. मग चौकटीतून दुसरा पाय काढता काढता, अगदी हळू, “...सर.”