पाय लागले का?

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. जर्मनीतल्या आइफेलच्या जंगलात एका ओढ्यावर लाकडी पूल आहे, असं मी सरकारी नकाशाच्या कामात लिहून दिलं, तेव्हा मी त्या ओढ्यापाशी गेलोच नव्हतो. अर्धा-पाऊण किलोमीटर अलीकडे गाडीत बसून मी कागदावर बरोबरची खूण केली. पूल तिथे नव्हता.

एवढी चार वाक्यं लिहायला मला सात वर्षं लागली. आता पुढचं लिहितो. पुढचं मात्र माझ्यापेक्षा तळेकरांचं आहे.

वसंतराव तळेकरांना डावं-उजवं नव्हतं. दिशा होत्या. आमच्याकडे जेवायला आले की म्हणायचे, "मेधा, ती चटणी जरा आग्नेयेला सरकव." दाताच्या डॉक्टरकडे जाऊन त्यांनी "वायव्येची दाढ दुखते" असं शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं होतं. डॉक्टर गोंधळला, तेव्हा, "हे बघा, तुमची खुर्ची दक्षिणेला तोंड करून आहे, त्यावरून काढा," असं त्यालाच समजावलं.

माझी बायको मेधा वैतागायची. "काका, भुकेल्या माणसाने आधी होकायंत्र काढायचं का?"

"अगं, तुझ्या ओट्याची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी चहात ऊन पडतं तुझ्या. त्याला होकायंत्र कशाला?"

आमची रेवा तेव्हा चार वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा घरचा कारभार. पण 'नैर्ऋत्य' हा शब्द, जो उच्चारताना मी स्वतः अडखळतो, तो ती तळेकरांमुळे खणखणीत म्हणायची. ते तिचे 'तळेकर-ओपा', म्हणजे तळेकर-आजोबा.

तळेकर साठच्या दशकात जर्मनीत आले ते नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन म्हणून. काचेवरच्या लेपात पोलादी सुईने डोंगराच्या उंचीच्या रेषा कोरायच्या, श्वास रोखून. एक शिंक आली तर टेकडीला कडा फुटायचा, असं सांगायचे. मी आखन शहरात नोकरीला पोचलो तोवर सुया गेल्या होत्या. राज्याचे सगळे नकाशे अद्ययावत करून संगणकावर आणायचे, आणि ते कुणालाही विकत घेता यावेत, घरबसल्या छापता यावेत, असा सरकारी कार्यक्रम चालू होता. त्यातलं थोडं काम आमच्या छोट्याशा कंत्राटी ऑफिसकडे होतं. विमानातून काढलेले फोटो यायचे, त्यांवरून आम्ही रस्ते, घरं, झाडी पडद्यावर आखायचो. फोटोत जे दिसत नाही, म्हणजे झाडांखालच्या वाटा, ओढे, पूल, ते जागेवर जाऊन बघायचं. बघितलं की कागदावर खूण. सगळ्या खुणा झाल्या की कोपऱ्यात तळेकरांची सही.

सही करण्याआधी ते एकच प्रश्न विचारायचे. "पाय लागले का?"

त्यांच्या कोकणातल्या गावी पाहुणा उंबऱ्याशी आला की म्हणत, तुमचे पाय लागले घराला. तळेकरांनी हे अख्ख्या जर्मनीला लावलं होतं. ज्या वाटेला माणसाचे पाय लागले नाहीत ती नकाशावर जाणार नाही. आमच्या साहेबीण फ्राऊ विर्ट्स फोटो पुढे करून म्हणायच्या, "हेर तळेकर, इथे स्पष्ट दिसतंय."

"विमानाला पाय नसतात, फ्राऊ विर्ट्स."

हे वाक्य त्यांनी जर्मनमध्ये इतक्या वेळा ऐकवलं, की ऑफिसातल्या पोरींनी ते कॉफी-मशिनवर चिकटवलं.

एकदा एका गावाबाहेरचा दगडी क्रूस नव्या फोटोत सापडेना. आम्ही पुसायला निघालो. तळेकर गेले, तीन तास आयव्हीच्या वेलीत हात घालून चाचपत बसले, आणि कोपरापर्यंत ओरबाडून घेऊन परत आले. "मोडलाय. पण आहे." एका हॉटेलवाल्याला त्याच्या दारातून धबधब्याकडे जाणारी वाट नकाशावर हवी होती. तळेकर चालून आले आणि म्हणाले, "रोज त्याचं कुत्रं जातं. कुत्र्याच्या वाटा दाखवायला लागलो तर कागद पुरायचा नाही."

त्यांच्या घरी गेलं की बसण्याचीही शिस्त. टेबलाला चार खुर्च्या. "तिथे नको, ती उत्तरेची. तू पश्चिमेला बस." मी पश्चिमेला बसायचो. उत्तरेच्या खुर्चीवर कधी कोणी बसलेलं मी पाहिलं नाही, आणि तेही त्यांच्या तऱ्हेवाईकपणात जमा करून टाकलं. त्यांची बायको हानेलोरे वारून तेव्हा काही वर्षं झाली होती. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आता तो शुक्रवार.

माझ्याकडे त्या कागदावरची शेवटची एक खूण उरली होती. जुन्या नकाशावर ओढ्यावर पूल होता, फोटोत तिथे नुसती बीच नावाच्या झाडांची छत्री. जाऊन बघायचं, बस. पाऊस पडत होता. आणि दुपारी तीनला आखनमध्ये माझी मुलाखत होती, गाडीत रस्ता सांगणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. कुणाला सांगितलं नव्हतं. माझा करार महिनाअखेर संपत होता, व्हिसा कराराला बांधलेला, आणि तो वाढवण्याबद्दल फ्राऊ विर्ट्स काही बोलत नव्हत्या. मी सूट घातला होता, त्यावर रेनकोट. पायांत नवे काळे बूट. जंगलाच्या तोंडाशी गाडी लावली, दार उघडलं, खाली चिखल बघितला, दार लावलं. जुना नकाशा सांगतोय पूल आहे, मग कुठे जाणार आहे तो? मी खूण केली.

मुलाखत वाईट झाली. त्यांना जे हवं होतं ते मला येत नव्हतं. साडेचारला ऑफिसात येऊन कागद तळेकरांसमोर ठेवला. जंगलातून आलेला आमचा कागद कसा असतो, तर कोपरे दुमडलेले, चहाचा डाग, अंगठ्याचा चिखल. माझा कागद इस्त्री केल्यासारखा.

तळेकरांनी तो हातात घेतला. मग टेबलाखाली एकदा बघितलं. मग माझ्याकडे.

"पाय लागले का?"

"हो."

सोमवारी सगळं काम सरकारी खात्याला द्यायचं होतं. त्यांनी सही केली. पुढच्याच आठवड्यात माझा करार वाढला, दोन वर्षांसाठी.

नकाशा छापला गेला. सुंदर झाला होता. लोक घेऊ लागले. पुढच्या नोव्हेंबरात फ्राऊ एसर नावाच्या निवृत्त शिक्षिका तो घेऊन एकट्या फिरायला निघाल्या. ओढ्याशी पोचल्या तेव्हा अंधारायला आलं होतं. आल्या वाटेने मागे जायचं तर दीड तास, आणि पूल ओलांडला की वीस मिनिटांवर बस. पूल नव्हता, नुसते दोन कुजके खांब. त्यांनी दगडांवरून जायचा प्रयत्न केला. कंबरेचं हाड मोडलं. अर्ध्या पाण्यात, अर्ध्या काठावर अशा त्या पाच तास पडून होत्या. जगल्या, पण पुन्हा चालल्या नाहीत.

त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. फ्राऊ विर्ट्सनी आम्हा सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं आणि तो स्वच्छ कागद मध्ये ठेवला.

"ही खूण कोणाची?"

खुणेखाली आद्याक्षरं लिहायची पद्धत नव्हती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. मेधा, रेवा, व्हिसा, नवं भाड्याचं घर, सगळं त्या उघड्या तोंडात अडकलं.

"माझी," तळेकर म्हणाले. "सही माझी आहे ना? मी गेलो नव्हतो. गेलो असं लिहिलं."

मी तोंड मिटलं.

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते. जंगलात जायचं काम काढून घेऊन त्यांना गावांच्या नावांचं शुद्धलेखन तपासायला बसवलं. फोटोकॉपीच्या यंत्राशेजारी. कॉफी-मशिनवरची चिठ्ठी कुणीतरी काढली. आणि मग ते सुरू झालं. 'पाय लागले का' याचं जर्मन भाषांतर सगळ्यांना पाठ होतंच. तळेकर संडासला जाऊन आले की कोणीतरी विचारायचं, "हेर तळेकर, पाय लागले का?" कॅन्टीनहून आले की तेच. ते मान डोलवायचे, "हो, हो, लागले," आणि जागेवर बसायचे.

एक दिवस सगळे हसले तेव्हा मीही हसलो. त्यांनी मान वर केली. सगळ्यांकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि मग पुन्हा नावं तपासू लागले. पूल न बघता खूण केली ती चूक. हे हसणं चूक नव्हतं. याला मला शब्द सापडलेला नाही.

निरोपसमारंभाला त्यांनी सर्दीचं कारण दिलं. त्यानंतर मी वर्षभर त्यांच्याकडे फिरकलो नाही. मेधा विचारायची, "अहो, काका येईनासे का झाले?" मी म्हणायचो, वय झालं.

मग मेधानेच एकदा बाजारातून बातमी आणली. "काका मला जंगलाच्या रस्त्यावर दिसले. रिकामी व्हीलचेअर ढकलत होते. मी म्हटलं काका, माणूस कुठे पडलं वाटेत? तर म्हणाले, माणूस घरी आहे, आधी चाकं जातात का बघतोय. अहो, त्यांचं डोकं..."

दुसऱ्या दिवशी गेलो. दार उघडून ते म्हणाले, "ये. बूट काढ, चिखल असेल तर." चिखल नव्हता. दोघांनीही खाली बघितलं.

टेबलावर आमचाच छापील नकाशा होता, दुमडून दुमडून घड्या फाटलेला, चहाचे डाग पडलेला. त्यावर पेन्सिलने वाटा रंगवल्या होत्या. काही हिरव्या, काही लाल. बाजूला बारीक अक्षरात मराठी नोंदी. 'मुळं आहेत, धक्के बसतात.' 'उतार बरा, ब्रेक धरावा.' 'बाकापाशी वळवायला जागा.' 'खडी सैल, पावसानंतर नको.'

"दर रविवारी फ्राऊ एसरना नेतो," ते म्हणाले. "त्या आधी दारच उघडत नव्हत्या. बरोबर आहे. पाचव्या खेपेला आत घेतलं, कॉफी दिली. साखर नाही दिली. आता साखर देतात."

मला वाटलं, विषय इथेच राहील. त्यांनी चहा ओतला आणि कपाकडे बघत म्हणाले, "तुझा कागद स्वच्छ होता, सुधीर. बूटही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुझा करार संपत होता. पोर चार वर्षांची. सूट बघून कळलं कुठून आलास, आणि तोंड बघून कळलं, तिथे झालं नाही. तुला परत पाठवला असता, तर सोमवारी काम अपुरं गेलं असतं, आणि त्यासाठी कोणाला काढायचं ते विर्ट्सबाईंनी आधीच ठरवलेलं होतं." ते थांबले. "मी म्हटलं, पूल असेल. चाळीस वर्षं मी 'आहे' किंवा 'नाही' म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा 'असेल' म्हटलं. म्हणून ती खूण माझीच. मी विर्ट्सबाईंना किंवा फ्राऊ एसरना खोटं नाही सांगितलं."

मी उठून उभा राहिलो. काय करायचं ते कळेना. जायचं, की पाया पडायचं.

"बस," ते म्हणाले. मी पश्चिमेच्या खुर्चीकडे वळलो. "तिथे नको. आज उत्तरेला बस. हानेलोरे गेल्यापासून तिकडून कोणी बोललेलं नाही."

मी बसलो. तिथून खिडकीतून त्यांचं लहानसं अंगण दिसतं, आणि समोर फक्त तळेकर. कपातला चहा संपेपर्यंत मी अंगणाकडेच बघत राहिलो. त्यांनीही घाई केली नाही.

निघताना त्यांनी नकाशावर तीन वाटा दाखवल्या, अजून न रंगवलेल्या. "गुडघा ऐकत नाही आता. तू बघशील? चेअर घेऊन जा. आणि फ्राऊ एसरना भेट एकदा. त्या चांगलं बोलतात."

"बघतो," मी म्हणालो. त्यांनी 'कधी' असं विचारलं नाही.

फेब्रुवारीत ते गेले. झोपेत, त्यामुळे कोणाला वेळेवर कळलं नाही. तीन दिवसांनी शेजारणीला दारातली वर्तमानपत्रं दिसली. रेवाने रडत विचारलं, ओपाला पुरताना डोकं कुठल्या दिशेला करणार. मी म्हटलं, त्यांना पुरणार नाहीत, अग्नी देणार. ती म्हणाली, मग आग्नेय.

व्हीलचेअर आमच्या तळघरात आहे. परवा रेवा सायकल काढायला खाली गेली आणि वर येऊन विचारलं, ती कुणाची आहे. अकरा वर्षांची झाली आहे ती, आणि हा प्रश्न तिने मराठीत विचारला. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

चेअरच्या मागच्या खिशात तो नकाशा तसाच आहे. तीन वाटांना अजून रंग नाही. फ्राऊ एसर इथून बसने पंचवीस मिनिटांवर राहतात. त्यांच्या दाराची घंटा वाजवून मला सांगायचं आहे, की त्या ओढ्यापर्यंत जाण्याचं काम तळेकरांचं नव्हतं, माझं होतं, आणि मी गेलो नव्हतो. एवढं मी अजून देणं लागतो.