तांडेल मॅडमचं खादाड बाळ

आमच्या प्रयोगशाळेतल्या तांडेल मॅडम पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं दार उघडण्याआधी त्यावर दोनदा टकटक करतात. मी ठाकुर्लीहून निघून, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवून नोकरीच्या पहिल्या दिवशी पोचलो, तेव्हा हेच दृश्य समोर.

"कुणी आहे का आत?" मी थट्टेने विचारलं.

"आहे की," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "झोपलंय."

मॅडम ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. वडील खाडीत मासे धरायचे. त्यामुळे आमचं काम त्या आपल्याच पद्धतीने समजावतात. "अरे, शरीराच्या या पहारेकरी पेशी भलत्या खादाड. दिसेल ते गिळतात. काही विषाणू मग त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतात. नुसतं औषध तिथे नीट पोचत नाही. ते चरबीच्या इवल्याशा बुडबुड्यात भरायचं, लायपोसोममध्ये. पेशीला वाटतं, खाऊ आला. आमिष रे, दुसरं काय!"

आमच्याकडच्या या पहारेकरी पेशी फार वर्षांपूर्वी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या एका बाळाच्या. बाळ गेलं, पेशी मात्र बाटलीतून बाटलीत वाढत राहिल्या. हे मी वाचलं आणि विसरलो. मॅडम विसरल्या नाहीत. ऐन दिवाळीतही त्या "बाळाला खाऊ घालून येते" म्हणून हजर.

एकदा त्या दारातच थबकल्या. "आज आत रडतंय."

आम्ही फिदीफिदी हसलो. कपाट उघडलं, तर पेशींना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपलेला आणि पेशींचं गुलाबी पाणी जांभळट झालेलं. तेव्हापासून भर दुपारीही मी त्या खोलीत एकटा थांबत नाही. भित्रा म्हणा हवं तर.

मॅडमनी कित्येक वर्षं ज्यासाठी घासली, तो प्रयोग अखेर आला. दोन ताटल्यांतल्या पेशींना विषाणूची लागण करायची. एकीला लायपोसोममधलं औषध द्यायचं, दुसरीला काहीच नाही. तुलनेसाठी अशी एक लागतेच. ती दुसरी ताटली मॅडमनी कुणाला हात लावू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर औषधवाल्या पेशी जिवंत! सगळे सूक्ष्मदर्शकावर तुटून पडले. कुणीतरी पेढेही मागवले. मॅडमचा मात्र पत्ता नव्हता.

त्या आतल्या खोलीत होत्या. डोळे दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाला लावलेले, खाली औषध न मिळालेली ताटली. त्यातल्या पेशी फुटून संपल्या होत्या.

"मॅडम, चला ना! तुमचा बुडबुडा जिंकला!"

"जिंकला रे. बरं वाटलं." त्यांनी मान वर केली नाही. "जगलेल्यांजवळ तुम्ही सगळे आहात. यांना मी मुद्दाम दिलं नाही. ताटली टाकण्याआधी ब्लीच ओततात, तोवर बसते जरा."

मला एकदम गलबलून आलं. हातातला पेढा मी बाजूला ठेवला.

"त्या बाळाचं नाव काय असेल रे?" त्यांनी हळूच विचारलं.

आमच्याकडच्या कुठल्याच कागदावर ते नव्हतं. मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.